परकराखाली वाळणारं कापड

सुती कापड भर उन्हात वाळलं की त्याला एक कोरडा, करकरीत वास येतो. नुकत्याच भाजलेल्या पापडाच्या जवळपास जाणारा. तेच कापड दुसऱ्या कापडाच्या आड, सावलीत वाळलं तर वास निराळा. ओलसर, किंचित आंबूस, साबणाचा आणि साबणालाही न गेलेल्या कशाचा तरी मिळून झालेला. पहिला वास सगळ्यांना आवडतो; दुसऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. माझ्यासाठी मात्र कितीतरी वर्षं हा दुसरा वास म्हणजेच आईचा वास होता. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून मी तिच्या मांडीत तोंड खुपसायचे आणि तो वास छातीभर ओढून घ्यायचे. आई दिवसभर मिठागरात असायची, म्हणून मला वाटे, हा मिठाचाच वास असणार. खाऱ्या पाण्यात पाय बुडवून उभ्या राहणाऱ्या माणसाच्या कपड्यांना येतो तो. किती निश्चिंत होतं ते अज्ञान!

आमचं गाव पेणच्या खाडीकडचं. घरामागे दोन खांबांना ताणून बांधलेली नायलॉनची दोरी, तिच्यापलीकडे भाताची खाचरं, आणि त्यांच्याही पलीकडे मिठागरांचं चौकोनाचौकोनांत वाटून घेतलेलं पाणी. उन्हाळ्यात त्या पाण्यात आभाळ इतकं पांढरंशुभ्र उतरे की बघताना डोळे मिटून घ्यावे लागत. त्या पांढऱ्या झळाळीतून आई मिठाने भरलेली पाटी डोक्यावर घेऊन यायची, बांधावरच्या राशीत ओतायची आणि पुन्हा आत उतरायची. माझ्या जन्मानंतर दीड महिन्याच्या आत ती परत पाटीखाली उभी राहिली, हे ती आजही अभिमानाने सांगते. वडील ट्रकवर होते. दोघांनी मिळून मला पेणमधल्या इंग्रजी शाळेत घातलं. पांढरे मोजे, गळ्याला टाय, आणि चिखलाच्या बांधावरून ते मोजे सांभाळत चालणारी, कुणाशी फारसं न बोलणारी मी.

मी बोलत नसे, पण बघत असे. दोरीच्या भिंतीकडच्या टोकाला आईचा परकर नेहमी दुहेरी पसरलेला असायचा. वाऱ्याने तो उचलला गेला की खाली जुन्या साडीचे छोटे चौकोनी तुकडे दिसत, चिमट्यांनी ओळीने लावलेले, प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखे. महिन्यातले चार दिवस नव्हे. बारा महिने, रोज. एकदा मी विचारलं. आई म्हणाली, “फडकी हायत. हात नको लावूस.” तिच्या आवाजात रागापेक्षा घाई अधिक होती. एकदा नको म्हटलं की मी दुसऱ्यांदा न विचारणारी मुलगी. मी पुन्हा विचारलं नाही.

शाळेत शरीराचा धडा आला तेव्हा बाईंनी घसा खाकरून सांगितलं, हा धडा घरी वाचा. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच होते. आकृतीत एका बाईचं शरीर मधोमध उभं कापलेलं होतं; प्रत्येक अवयवाला एक बाण आणि बाणाच्या टोकाला नाव. सगळ्याच्या खाली, जिथे हे सारं टेकलेलं असतं तिथे, नुसती एक रेघ होती. त्या रेघेला कुणी बाण काढला नव्हता. ती कशाची आहे, असा प्रश्न मला पडल्याचं स्पष्ट आठवतं. आणि तो मी मनातच ठेवल्याचंही. पुढे बारा-तेरा वर्षांनी माझं अवघं आयुष्य त्या बिननावाच्या रेघेवर येऊन थांबेल, हे कुणी सांगितलं असतं तर मी लाजून पानच उलटलं असतं.

लग्न होऊन मी रोह्याला आले; गावाला लागून असलेल्या वरशात आमचं दोन खोल्यांचं घर आहे. नवरा केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. बाळंतपणाला माहेरी, पेणला. त्या दिवसाचं फार सांगत नाही. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून समजायचं नाही. एवढंच सांगते, की सात तास माझ्या कानांवर एकच आज्ञा आदळत होती. खाली. “खाली जोर लाव. घशातून काय ओरडतंस, खाली लाव!” दवाखान्यातल्या मावशी माझा गुडघा दाबून धरून म्हणाल्या, “आता कशाला लाजतंस गो? लाजायची वेळ नऊ महिन्यांपूर्वी होती.” सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण तेवढ्यात कळ आली. लेक जन्मली. टाके पडले. घरी सोडताना कागदावर लिहून मिळालं, की सहा आठवड्यांनी सगळं पूर्ववत. पूर्ववत! किती आश्वासक शब्द, आणि किती सहज लिहून देतात तो!

मग सव्वा महिन्याची ती उबदार, धुरकट खोली. ओवा आणि बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकून दिलेली धुरी, बाजेखालची शेगडी, खोबरेल तेलाने माखलेली मी आणि माझ्यासारखीच तुकतुकीत लेक. रोज अंघोळीनंतर आई माझं पोट बांधायची. तिच्या जुन्या साडीची लांब पट्टी. एक टोक मी धरायचं, दुसरं तिने ओढायचं, आणि माझ्या कमरेला गुडघा टेकवून ती असा ताण द्यायची की माझा श्वास बरगड्यांच्या वर जाऊन बसे. “जरा सैल कर ना,” मी म्हणे. “सैल काय? माझ्या आयशीनं मला असंच बांधलं. पोट सुटलं म्हणजे नवरा बघंल व्हय तुझ्याकडं? लेकरू चालायला लागस्तोवर सोडायचा नाय.” मिठाच्या पाट्या उचललेल्या त्या हातांची सगळी माया त्या गाठीत असे. माझ्या अंगावर इतका वेळ, इतक्या जवळून तिचे हात याआधी कधी फिरले होते? मी डोळे मिटून बांधून घ्यायचे.

त्याच दिवसांत ती लेकीसाठी लंगोट फाडत बसायची. जुन्या साड्या धुऊन मऊ झालेल्या. दातांनी काठ तोडायचा आणि दोन्ही हातांनी टरकन फाडायचं. मोठ्या चौकोनांचा एक गठ्ठा झाला, तशी तिने उरलेली साडी ओढून छोटे तुकडे फाडायला घेतले. तिप्पट घड्या, कडेने धावदोरा. मी विचारलं, “हे छोटे कशाला?” तिने मान वर केली नाही. “लागतील,” म्हणाली. मला वाटलं, लाळेऱ्यासाठी असतील.

लागले. रोह्याला परतल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी सासूबाई मिरच्या भाजत होत्या, धूर घरभर झाला, आणि मला शिंक आली. एकच शिंक! पायांवरून काहीतरी ऊन ओघळत गेलं आणि मी होते तिथेच, हातात लेकीची वाटी धरून उभी राहिले. सासूबाई म्हणाल्या, “अगं, सरक ना, तव्याला हात लागेल.” मी सरकले नाही. फरशीवरचं ओलं मी पायपुसण्याने झाकलं, वाटीतलं पाणी सांडलं म्हणाले, आणि आत जाऊन आईने दिलेल्या बोचक्यातला एक छोटा तुकडा काढला. तो माझ्या हातात होता, आणि त्याच्या सुताचा तो मऊपणा, ती तिप्पट घडी, तो धावदोरा माझ्या बोटांना ओळखीचा वाटला. मग लहानपणीची दोरी एकदम डोळ्यांसमोर आली. परकर उडाला, त्याखाली ओळीने सहा-सात तुकडे. मिठाचा वास नव्हता तो. कधीच नव्हता. सत्तावीस वर्षं माझी आई ओघळत होती, पाटीखाली, बांधावर, माझ्या शाळेच्या फाटकाशी उभी असताना. आणि आता माझ्याही वाट्याला हे येणार हे तिला इतकं ठाऊक होतं की तिने विचारलं नाही, सांगितलं नाही, फक्त फाडून दिले.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावर काय अडतं? अडत नाही काही. बाई भात लावते, पाणी भरते, लेकरू कडेवर घेऊन जिना चढते, फक्त हसताना जरा सांभाळून हसते. मी मोठ्याने हसणं सोडलं. कुणाकडे बसायला गेले तर प्लास्टिकची खुर्ची बघून घेते. घरातून निघण्याआधी दोनदा लघवीला, पोचल्यावर एकदा. असं पाणी मोजत जगणं अंगवळणी पडतं. अंगवळणी पडलं नाही ते दुसरं.

नवऱ्याची पहिली शिफ्ट तीनला सुटते. त्या वेळी सासूबाई बऱ्याचदा पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात बहिणीकडे गेलेल्या असतात, आणि लेकीची झोप असते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती दुपार आमची होती. खिडकीला लावलेली निळी चादर, तिच्यातून आत येणारा निळसर उजेड, त्याच्या अंगाला कंपनीच्या साबणाचा वास. मी लाजाळू आहे, पण त्या उजेडात मी लाजत नव्हते. एवढंच लिहू शकते. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी त्या उजेडात आम्ही पुन्हा जवळ आलो, तर जिथे टाके होते तिथे कुणीतरी सुरीचं पातं उभं ठेवल्यासारखं झालं. मी ओठ चावला. त्याला कळलं, तो थांबला. “राहू दे,” म्हणाला. किती हळुवारपणे म्हणाला! पुढच्या वेळी मी ठरवलं, की चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. पण शरीर माझं ऐकत नव्हतं, ते त्याच्या स्पर्शाआधीच दार लावून घेत होतं. आणि त्यात ही धास्ती, की मधेच ओघळलं तर? मी घाईने उठले, न्हाणीत गेले, परत आले तेव्हा तो शर्ट घालून बसला होता. त्याला वाटलं असणार, मला त्याची किळस आली. मी सांगितलं नाही की मला माझी येते. “राहू दे गं,” तो पुन्हा म्हणाला. प्रेमाने म्हटलेले ते दोन शब्द एकावर एक रचत गेले आणि आमच्या मधे भिंत झाली. आता तो दुपारी फोन बघतो. निळी चादर धुवायला काढली ती मी परत लावली नाही.

इंग्रजी शाळेत शिकलेली बाई अशा वेळी काय करते? फोनवर शोधते. त्या इंग्रजी पानावर तोच उभा छेद होता, आणि त्या खालच्या रेघेला अखेर बाण! तिला नाव होतं, ‘पेल्व्हिक फ्लोअर’, म्हणजे ओटीपोटाचा तळ; त्याला स्नायू होते, आणि त्या स्नायूंचा व्यायाम होता. आवळा, दहा मोजा, सोडा. मला रडू आलं. म्हणजे हे दुरुस्त होतं! पोटपट्टा घट्ट बांधलेला असताना, लेकीला पाजताना, भाजी निवडताना, पाच महिने मी रोज तो व्यायाम केला. श्वास रोखायचा आणि सगळं बळ तिथे लावायचं. शिकवणीला बसलेल्या पोरीसारखा, एक दिवस न चुकवता. आणि पाच महिन्यांत शिंकेवर ओघळायचं ते खोकल्यावर, खोकल्यावरचं ते नुसतं लेकीला उचलल्यावर होऊ लागलं.

शेवटी पनवेलच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंचा पत्ता मिळवला. लेकीला पेणला आईकडे ठेवायचं आणि पुढे गाडीने पनवेल. सासरी सांगितलं, दाढ दुखतेय, पनवेलला चांगली डॉक्टरीण आहे. आईलाही तेच. आई म्हणाली, “कुठली दाढ?” मी गालावर बोट ठेवलं. तिने माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्या बसण्याकडे, आणि लेकीला काखेत घेऊन ती आत गेली.

त्या बाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मी बरंच अडखळल्यावर त्यांनी विचारून, परवानगी घेऊन, हातमोजा घालून तपासलं. म्हणाल्या, करून दाखवा. मी श्वास रोखला आणि रोजच्यासारखं बळ लावलं. त्यांनी लगेच थांबवलं. “अहो, तुम्ही वर ओढत नाही आहात. खाली ढकलताय.” मला समजेना. “किती दिवस असं करताय?” पाच महिने, मी म्हटलं. मग त्यांची नजर पट्ट्यावर गेली. “हा कुणी बांधला?” आईने शिकवलाय, मी म्हटलं. “छान बांधलाय,” त्या म्हणाल्या, आणि गाठ सोडायला लागल्या. मधून इतकं आवळलं की आतलं सगळं खालीच रेटलं जातं. दुबळ्या जागेवर दिवसभर वजन. आणि वर मी रोज, नेमाने, बळ लावून त्याला आणखी खाली लोटत होते. दुसरं काय करणार होते मी? शरीराच्या त्या भागाबद्दल माझ्याशी आयुष्यात एकदाच कुणी बोललं होतं, आणि तेव्हा एकच शब्द शिकवला होता. खाली.

त्या आणखी एक म्हणाल्या, ते मनात रुतून बसलंय. जिथे धरायचं तिथे धरत नाही, आणि जिथे सोडायचं तिथे भीतीने आवळून बसलंय. दुखतं ते त्यामुळे. आवळायला शिकाल तेवढंच सैल सोडायलाही शिकावं लागेल. मला माझे आजोबा आठवले, आईचे वडील. आमच्या खाडीच्या बांधाला लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. भरतीचं पाणी रेटा देतं तेव्हा ती मिटते आणि खारं पाणी शेतात येऊ देत नाही. ओहोटी लागली की उघडते आणि शेतात तुंबलेलं पाणी सोडून देते. आजोबा रोज सकाळी कमरेएवढ्या चिखलात उतरून तिच्या फटीतलं शेवाळ काढायचे. मी बांधावर उभी राहून विचारायचे, मिटते ना, मग कशाला? ते म्हणायचे, “अडकून बसलेली उघाडी फुटक्या उघाडीपेक्षा बरी नाय गो बाय. तिनंपण शेत सडतंच.” मी जन्मभर सगळं आवळूनच धरलं. शाळेत हात वर केला नाही, लग्नात डोळे वर केले नाहीत, दुपारच्या उजेडात एक वाक्य ओठांबाहेर पडू दिलं नाही. शरीर माझ्याकडूनच शिकलं असेल का हे सारं?

खरा व्यायाम फार साधा निघाला. उताणं पडायचं, गुडघे दुमडायचे. श्वास सोडता सोडता, लघवी आणि वारा दोन्ही एकदम धरून ठेवल्यासारखं हलकेच आत, वर ओढायचं. मोजायचं. मग पूर्ण सैल सोडायचं, आणि सोडण्याला धरण्याहून जास्त वेळ द्यायचा. दहापर्यंत पोचायचं. मी पहिल्या दिवशी दोनला सुटले. तीन खेपांनंतर चारपर्यंत आले. त्या म्हणाल्या, सुधारणा आहे. वेळ लागेल, पण सोडू नका, येत राहा. आणि नवऱ्याला सांगा, त्यांची मदत लागेल. घाई नको, दुखलं की थांबायचं, पण बोलायचं.

चौथ्या खेपेला मी गेले नाही. एक दाढ किती वेळा दुखणार? सासूबाई म्हणाल्या, “काढून टाक एकदाची. आम्ही नाही काढल्या?” मी हो म्हटलं, आणि काढली असं सांगितलं. आईला मात्र फसवता आलं नाही. तिसऱ्या खेपेला परत आले तर लेकीला माझ्याकडे देण्याऐवजी तिने खाली चटईवर सोडलं आणि म्हणाली, “तूच खाली बस तिच्यापाशी. उचलू नको. दाढंवर जोर येतो.” आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो. पट्टा माझ्या पिशवीत होता, गुंडाळून ठेवलेला. तो मी का सोडला, तिच्या गाठीने काय केलं, हे कसं सांगणार होते? तिने माझ्यासाठी केलेली सर्वांत प्रेमळ गोष्ट तीच होती! आणि तिच्या आईने तिलाही असंच बांधलं होतं, त्याच मायेने, तेवढंच घट्ट, वर पाटी.

मधे एका दुपारी वाऱ्याबरोबर कंपनीकडून काळसर धूर आला, तेव्हा दोरीवरचे कपडे नवऱ्याने काढले. मी रोह्यात माझे तुकडे लेकीच्या लंगोटांमधे लावते. इतक्या चौकोनांत कुठला कुणाचा, कोण बघतंय? संध्याकाळी कपाट उघडलं तर लंगोट लेकीच्या कप्प्यात होते, आणि छोटे तुकडे वेगळे काढून, नीट घड्या घालून माझ्या कुर्त्यांच्या खाली ठेवलेले. त्याने एकही चुकवला नव्हता. म्हणजे त्याला ठाऊक होतं. कधीपासून? दोन दिवसांनी फोनवरून नजर न काढता त्याने विचारलं, “पनवेलला अजून जायचं असतं का? मी सुट्टी टाकतो, हवं तर. येतो बरोबर.” दार त्याने किलकिलं केलं होतं. तो बिचारा उंबऱ्यावर येऊन उभा होता. वाक्य माझ्या घशापर्यंत आलं होतं, शपथेवर सांगते. मी म्हटलं, “नको. काढली ना दाढ.” “बरं,” म्हणाला. त्या दिवसापासून तो “राहू दे”ही म्हणत नाही. म्हणायची वेळच येत नाही. वाईट नवरा असता तर रागावता तरी आलं असतं. चांगल्या माणसाला दारातून परत पाठवल्याचं ओझं कुठल्या पाटीत घालून कुठल्या राशीवर ओतायचं?

गेल्या महिन्यात माहेरी गेले तेव्हा ठरवूनच गेले होते. मला नाही जमलं, पण आईला तरी सांगायचं. इतक्या वर्षांनंतरही फरक पडतो, असं त्या बाई म्हणाल्या होत्या. आई ओटीवर बसून जवळा निवडत होती, लेक तिच्या पाठीला लोंबकळत होती. मी म्हटलं, “आई, त्या दाढेच्या डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, तुझ्या वयातही उपाय होतो. अगदी सोपा आहे. मी दाखवते तुला.” सुपातली तिची बोटं थांबली. मग ती हसली. तेही तोंडाला पदर लावून, सांभाळून. “माझ्या दाढा कधीच गेल्या गो,” म्हणाली. “त्यांच्याबिगर जेवायची सवय झाली. तू तुझ्या बघ.” आणि लगेच, “जा, दोरीवरचे कपडे काढ. दव पडंल.”

दोरीच्या भिंतीकडच्या टोकाला परकर होता. दुहेरी, तसाच. मी तो उचलून बाजूला केला. खाली सात तुकडे, दिवसभर उन्हाच्या एवढं जवळ असूनही दमट. कलतं ऊन अजून दोरीवर होतं. अर्धा तास मिळाला असता तर खडखडीत वाळले असते. मी ते सरकवून मोकळे पसरवू लागले. एक, दोन, तीन. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या काकींचा आवाज आला, “काय गो, कधी आलीस?” आणि मी मागे वळून उत्तर देण्याच्या आत माझ्या हाताने परकर परत ओढला होता. मी ठरवलं नव्हतं. हाताने केलं. “आत्ताच आले काकी,” मी म्हटलं, आणि परकराच्या कडा दोन्ही बाजूंनी नीट खाली घेतल्या. आईपेक्षाही नीट.

लेक आता चौदा महिन्यांची आहे. ती चालते, घरभर लुडबुडते. सासूबाई तिला चड्ड्या घालतात. दोरीवरचे लंगोट दहाचे सहा झाले, सहाचे दोन. माझ्या तुकड्यांना आडोसा उरला नाही. मी साडी क्वचित नेसते, परकर वापरत नाही. तरी परवा ट्रंकेतून लग्नातल्या साडीवरचा गुलाबी परकर काढला, आणि भिंतीकडच्या टोकाला दुहेरी पसरला.

काल दुपारी मी फरशीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. लेक बाहेरून धावत आली, हात पसरून, धडपडत, आणि तिने माझ्या मांडीत तोंड खुपसलं. अंग आक्रसून घ्यावं, तिला अलगद बाजूला करावं, असं वाटून गेलं. पण तिने तोपर्यंत एक लांब श्वास आत ओढला होता. ओलसर, आंबूस, सावलीत वाळलेल्या कापडाचा तो वास; आणि तिचे खांदे सैल झाले, जणू ती घरी पोचली. मी तिच्या केसांवर हात ठेवला. श्वास सोडत, सांगितलं होतं तसं, हलकेच आत, वर ओढून धरलं आणि मनात मोजू लागले. एक. दोन. तीन. चार.

चारला सुटलं. तिने मान वर केली नाही.